रहस्यपट आणि डोळ्यांचा चकवा

भोर आणि वेल्हे या भागांतील डोंगरांत ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना 'चकवा' या शब्दाचा अर्थ समजावून सांगण्याचे कारण नाही. रात्री वाट चालणारा मनुष्य, वाट रोजच्या पायाखालची असूनही, तीच करवंदीची जाळी आणि तोच बांध पुन्हा पुन्हा ओलांडतो. उजाडल्यावर पाहतो तो गाव हाकेच्या अंतरावर! जुनी माणसे याचा दोष एखाद्या भुताच्या माथी मारून मोकळी होत असत. परंतु शांतपणे विचार केला, तर येथे भूत कोठेच नसते. डोळ्यांनी जे पाहिले ते खरेच असते. त्यावरून मनाने जो अंदाज बांधला, तो मात्र चुकलेला असतो.

सुमारे साठ वर्षांपूर्वी इटली देशात चित्रपटांचा एक प्रकार उदयास आला. त्याची सारी उभारणी या चकव्यावर झालेली आहे. काळे हातमोजे घातलेला अनोळखी मारेकरी, लखलखते पाते, एकामागून एक पडणारे खून आणि शेवटच्या काही मिनिटांत उलगडणारे रहस्य, हे त्याचे बाह्य रूप होय. या जुन्या रहस्यपटांत पाहण्याजोगे काय आहे, टाकण्याजोगे काय आहे, आणि आपल्यासारख्या डोंगराळ मुलुखातील प्रेक्षकाने त्यांतून काय घ्यावे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम नावाविषयी. या प्रकारास इटालियन भाषेत 'जाल्लो' असे म्हणतात. जाल्लो म्हणजे पिवळा. मिलान शहरातील मोन्दादोरी या प्रकाशनसंस्थेने १९२९ साली रहस्यकादंबऱ्यांची एक स्वस्त माला काढली आणि तिच्या पुस्तकांना पिवळी वेष्टने घातली. मालेतील आरंभीची पुस्तके बहुतेक इंग्रजी व अमेरिकन लेखकांची भाषांतरे होती. वाचकांत ती इतकी रुळली की, 'पिवळे' या शब्दाचाच अर्थ 'रहस्यकथा' असा होऊन बसला. मराठीत पिवळे पुस्तक म्हटले की सभ्य मनुष्य कानांवर हात ठेवतो. इटलीत तोच रंग खुनाच्या कोड्याचा रंग ठरला. मुसोलिनीच्या राजवटीला मात्र हे वाचन रुचले नाही. आदर्श म्हणून मिरविल्या जाणाऱ्या राज्यात खून पडतात, पोलीस चुकतात आणि प्रतिष्ठित माणसे अपराधी निघतात, हे लोकांनी वाचावे असे कोणत्या हुकूमशहास वाटेल? १९४१ साली ती माला बंद पाडण्यात आली. युद्ध संपल्यावर ती पुन्हा सुरू झाली.

आपल्याकडे हेच काम बाबूराव अर्नाळकरांनी केले. १९०६ ते १९९६ असे दीर्घ आयुष्य लाभलेल्या या लेखकाने हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, धनंजय आणि काळा पहाड ही त्यांची पात्रे घराघरांत ठाऊक होती. विद्वानांनी नाके मुरडली तरी हजारो वाचकांना वाचनाची गोडी या पुस्तकांनीच लावली. इटलीत हीच गोडी पुढे वाचनालयातून चित्रपटगृहात गेली.

तेथील रहस्यपटाचा पाया मारिओ बावा या दिग्दर्शकाने घातला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. बावा मूळचा छायाचित्रकार. १९६३ साली त्याने 'फार जाणणारी मुलगी' अशा अर्थाच्या नावाचा कृष्णधवल चित्रपट काढला. त्यातील तरुणी अमेरिकेहून रोमला येते. खुनाच्या कादंबऱ्या वाचण्याचा तिला विलक्षण नाद असतो. रात्रीच्या वेळी एका चौकात तिच्या डोळ्यांसमोर खून होतो. पण सकाळी तेथे ना प्रेत, ना रक्ताचा डाग. लोक म्हणतात, पुस्तके वाचून पोरीचे डोके फिरले! साक्षीदाराने पाहिले खरे, परंतु नेमके काय पाहिले हे त्याचे त्यालाच सांगता येत नाही, हे या प्रकाराचे मूलसूत्र तेथे प्रथम दिसते.

पुढच्याच वर्षी, म्हणजे १९६४ साली, बावाने 'मारेकऱ्यासाठी सहा स्त्रिया' अशा अर्थाच्या नावाचा रंगीत चित्रपट केला. रोममधील एका उंची वस्त्रप्रावरणांच्या पेढीत खून होतो. मेलेल्या तरुणीची दैनंदिनी सापडते आणि ती वाचली जाणार या कल्पनेने पेढीतील प्रत्येकाचा चेहरा उतरतो. मारेकरी कोणीही असो, लपविण्याजोगे काही ना काही सर्वांपाशी असते. मारेकऱ्याच्या तोंडावर पांढरे, नाकडोळे नसलेले फडके. दिव्यांचे जांभळे, हिरवे आणि तांबडे झोत अशा खुबीने टाकले आहेत की, रिकामी खोलीही काही तरी लपवीत आहे असे वाटावे. आणि हे सर्व अल्प खर्चात! कॅमेरा सरकविण्याचे महागडे साधन परवडेना, तेव्हा लहान मुलाच्या खेळण्यातल्या गाड्यावर तो ठेवून काम भागविण्यात आले, असे त्यातील नटाने सांगून ठेवले आहे.

परंतु या प्रकारास जगभर कीर्ती मिळवून दिली ती दारिओ आर्जेन्तो याने. १९४० साली रोममध्ये जन्मलेला हा गृहस्थ प्रथम वर्तमानपत्रात चित्रपटांची परीक्षणे लिहीत असे. १९७० साली त्याने आपला पहिला चित्रपट दिग्दर्शित केला. त्याच्या नावाचा अर्थ 'स्फटिकाच्या पिसांचा पक्षी'. रोमला आलेला एक अमेरिकन लेखक रात्री रस्त्याने जात असता, एका कलादालनाच्या मोठ्या काचेतून आत चाललेली झटापट पाहतो. काळ्या कपड्यांतील एक आकृती, एक स्त्री आणि त्यांच्यामध्ये सुरी. तो मदतीस धावतो, तोच बाहेरचे आणि आतले अशी दोन्ही काचेची दारे बंद होतात आणि तो मध्येच अडकतो. त्याला दिसते सर्व, करता येत नाही काही. चित्रपटगृहात बसलेल्या प्रेक्षकाची स्थिती याहून काय वेगळी असते?

येथून पुढे कथा चालते ती या लेखकाच्या स्मृतीतून. त्या देखाव्यात काही तरी खटकणारे होते, एवढे त्याला पक्के आठवते. ते काय, हे मात्र आठवत नाही. तोच देखावा तो मनात पुन्हा पुन्हा उलगडून पाहतो आणि प्रेक्षकही त्याच्याबरोबर पाहतो. रहस्य येथे फोडणे म्हणजे न पाहिलेल्याचा आनंद हिरावून घेणे होय. एवढेच सांगितले म्हणजे पुरे की, लेखकाच्या डोळ्यांनी त्याला फसविलेले नसते. वेदान्त्यांनी सांगितलेला रज्जुसर्पाचा दृष्टान्त येथे आठवावा. अंधारात दोरीवर साप भासतो. दोरी तेथे असतेच, साप मनाने आणून ठेवलेला असतो.

नभोवाणीच्या श्रोत्यांना या चित्रपटातील आणखी एक गोष्ट आवडेल. त्यात कोड्याचा एक महत्त्वाचा धागा हाती लागतो तो डोळ्यांमुळे नव्हे, कानांमुळे! मारेकऱ्याचा दूरध्वनी येतो, तो ध्वनिमुद्रित केला जातो, आणि त्या बोलण्यामागे एक चमत्कारिक कुरकुर ऐकू येते. ती एका दुर्मीळ पक्ष्याची हाक असते. आणि तसा पक्षी रोममध्ये एकाच ठिकाणी, प्राणिसंग्रहालयात असतो. चित्रपटास पक्ष्याचे नाव मिळाले ते यामुळे. १९७५ साली आर्जेन्तोने 'गडद तांबडा' हा आपला दुसरा गाजलेला रहस्यपट काढला. त्यात तर त्याने धिटाईची कमाल केली आहे. कोड्याचे उत्तर तो आरंभीच्या अर्ध्या तासात प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोरून नेतो. परंतु प्रेक्षकाचे लक्ष दुसरीकडे असल्यामुळे ते त्याला दिसत नाही. चित्रपट दुसऱ्यांदा पाहिला म्हणजे मनुष्य कपाळावर हात मारून घेतो.

ही किमया साधते कशी? भोरच्या श्रोत्यांना याचे उत्तर घरबसल्या सापडण्यासारखे आहे. पंतसचिवांच्या राजवाड्यात आजवर अनेक हिंदी व मराठी चित्रपटांचे चित्रीकरण झाले आहे. ते पाहण्यास जो जो उभा राहिला, त्याला ठाऊक आहे की, एकच चौक आज एका सरदाराचा वाडा होतो आणि पुढे कधी तरी दुसऱ्याच गावातील दुसऱ्याच धनिकाची हवेली. कॅमेऱ्याच्या चौकटीत नायिका एकटी, भयभीत उभी असते. चौकटीबाहेर दिवे धरणारे, चहा पिणारे आणि पाहावयास जमलेले शंभर लोक असतात. प्रेक्षकाला दाखविली जाते ती चौकट. चौकटीबाहेरचे तो आपल्या मनाने भरून काढतो, आणि दिग्दर्शकाचा सारा खेळ त्या भरून काढण्यावर चालतो.

इटालियनांनी हा खेळ फार पुढे नेला. मारेकऱ्याचा देह दाखवावयाचा नाही, केवळ हातमोजे दाखवावयाचे; म्हणजे तो पुरुष की स्त्री, तरुण की वृद्ध, हेही कळू नये. आर्जेन्तोच्या चित्रपटांत ते हातमोज्यांतील हात बहुधा खुद्द दिग्दर्शकाचेच असत. त्या काळी इटलीत चित्रीकरणाच्या वेळी आवाज मुद्रित न करता तो मागाहून भरण्याची पद्धत होती. नट निरनिराळ्या देशांचे, प्रत्येक जण आपापल्या भाषेत बोले आणि पुढे दुसऱ्याच कोणाचा आवाज त्यांच्या ओठांवर बसविला जाई. म्हणजे चेहरा एकाचा, वाणी दुसऱ्याची आणि हात तिसऱ्याचे! अशा तुकड्यांतून आपले मन एक सबंध मनुष्य निर्माण करते आणि त्याला भिते.

मराठी माणसाला ही विद्या अगदीच परकी नाही. ज्या १९६४ साली बावाचा रंगीत रहस्यपट आला, त्याच वर्षी राजा परांजपे यांचा 'पाठलाग' हा बोलपट प्रदर्शित झाला. मृत पत्नीसारखी हुबेहूब दिसणारी स्त्री आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहते, तेव्हा नायकाने आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवावा की चितेच्या आठवणीवर, हा त्या कथेचा पेच होता. त्यावरूनच १९६६ साली हिंदीत 'मेरा साया' निघाला. १९६५ साली राजा नवाथे यांनी 'गुमनाम' काढला. एका निर्जन ठिकाणी अडकलेल्या माणसांचे एकेक करून खून पडतात, ही त्यातील कल्पना अगाथा ख्रिस्तीच्या कादंबरीच्या वळणाची आहे. १९७६ सालच्या वसंत जोगळेकरांच्या 'हा खेळ सावल्यांचा' या चित्रपटात तर भुताचे भय आणि मनाचा आजार यांची सांगड घातलेली आहे. आपल्याकडील भयकथा बहुधा पिंपळाखाली नाहीतर पडक्या वाड्यात सुरू होते. इटालियन रहस्यपटात वाडे पडके नसतात. दिव्यांनी उजळलेले रस्ते, नव्या इमारती, सुशिक्षित माणसे, आणि भय त्यांच्याचपैकी कोणा एकाचे. भुताला उतारा तरी असतो. शेजारच्या सभ्य गृहस्थास कोणता उतारा करावा?

आता दुसरी बाजू. हे चित्रपट क्रूर आहेत, ही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. आपल्या नाट्यशास्त्राने भयानक आणि बीभत्स यांना रसांत स्थान दिले. परंतु प्रत्यक्ष वध रंगभूमीवर दाखवू नये, असा दंडकही घातला. इटालियनांनी तो दंडक उधळून लावला. त्यातही मरणाऱ्या व्यक्ती बहुधा तरुण, सुंदर स्त्रिया. आणि त्यांच्या मरणाचा देखावा कॅमेरा रेंगाळत रेंगाळत टिपतो. स्त्रीच्या वेदनेला शोभेची वस्तू करणे हा या प्रकाराचा मोठा दोष आहे आणि कलेच्या नावाखाली तो क्षम्य ठरत नाही.

पुढे तर कोडे मागे पडले आणि सुरीच तेवढी उरली. १९७१ साली बावानेच एका खाडीच्या काठी तेरा खून दाखविणारा चित्रपट काढला. अमेरिकेत १९७८ साली 'हॅलोवीन' आणि १९८० साली 'फ्रायडे द थर्टीन्थ' हे चित्रपट आले आणि मुखवटा घातलेल्या मारेकऱ्याने तरुण मुलामुलींना एकामागून एक कापीत सुटावे, अशा पटांची रांग लागली. 'हॅलोवीन'मध्ये भय निर्माण करण्याचे कौशल्य मोठे आहे. परंतु पुढच्या पुष्कळशा नकलांत प्रेक्षकाच्या बुद्धीस काही काम उरले नाही. बुद्धीला काम देणारे भय आणि निव्वळ किळस आणणारे रक्त, यांतील भेद प्रेक्षकाने ओळखला पाहिजे. असे चित्रपट मुलांपुढे लावू नयेत, हे तर सांगावयासच नको.

पडद्यावरील खून आणि खरा खून यांतील अंतर पुणे जिल्ह्याने फार जवळून पाहिले आहे. जानेवारी १९७६ पासून मार्च १९७७ पर्यंत पुण्यात काही तरुणांनी मिळून दहा माणसांचे बळी घेतले. दिवेलागणीनंतर दारे लावून बसणाऱ्या त्या शहरात कोणालाही रहस्याची गोडी वाटली नाही. अपराध्यांपैकी चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यास फाशी देण्यात आले. १९८६ साली त्या प्रकरणावर बेतलेला 'माफीचा साक्षीदार' हा चित्रपट आला. प्रेक्षक चित्रपटात भीतीचा आस्वाद घेऊ शकतो तो, दिवे लागल्यावर आपण सुखरूप घरी जाणार, या भरवशावर. जेथे तो भरवसा नाही तेथे करमणूक नाही.

मग अशा चित्रपटांपासून घ्यावयाचे ते काय? याचे उत्तर लुचिओ फुल्ची या दिग्दर्शकाच्या १९७२ सालच्या एका चित्रपटात सापडते. त्याच्या नावाचा अर्थ 'बदकाच्या पिलाला छळू नका'. ही कथा शहरातील नाही. दक्षिण इटलीतील डोंगरावरचे एक गरीब गाव. जवळून नवा महामार्ग गेलेला आहे. त्यावरून शहरातील मोटारी भरधाव जातात, पण गावाशी त्यांचा संबंध नाही. पुणे-सातारा महामार्गापासून आत, डोंगराच्या कुशीत वसलेल्या आपल्या गावांना हे चित्र ओळखीचे वाटेल. त्या गावात एकामागून एक मुलांचे खून होऊ लागतात. गाव प्रथम एका वेडसर माणसावर धावून जाते. नंतर संशय येतो तो गावाबाहेर एकटी राहणाऱ्या, जादूटोणा करणाऱ्या एका स्त्रीवर. पोलीस तिला पकडतात. आपल्याच मंत्रतंत्राने मुले मेली, असे ती बापडी स्वतःच कबूल करते! परंतु खुनाच्या वेळी ती दूर दुसरीकडे होती, असे एका शिपायाच्या साक्षीवरून ठरते आणि तिला सोडून दिले जाते.

गावाला मात्र साक्ष नको असते. मृत मुलांचे आप्त तिला स्मशानभूमीत गाठतात आणि साखळ्यांनी मारतात. त्या वेळी रेडिओवर एक गोड प्रेमगीत चालू असते. रक्ताने माखलेली ती स्त्री सरपटत महामार्गाच्या कडेला येते आणि मदतीसाठी हात करते. मोटारींत बसलेली माणसे तिला पाहतात आणि पुढे जातात. ती मरते, आणि त्यानंतर आणखी एका मुलाचा खून होतो. गावाने न्याय केला होता तो निरपराध स्त्रीचा जीव घेऊन.

हा देखावा पाहून ज्याला इटलीतील खेडवळांचा राग आला, त्याने १ जुलै २०१८ हा दिवस आठवावा. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवड्याचा बाजार भरला होता. भिक्षा मागण्यास आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांवर, ती मुले पळविणारी टोळी आहे असा संशय घेण्यात आला, आणि जमावाने त्यांना मारहाण करून ठार केले. पाचही जण निरपराध होते. त्या काळात मुले पळविणाऱ्यांच्या अफवा देशभर भ्रमणध्वनीवरून पसरत होत्या. त्यांबरोबर एक छोटी चित्रफीतही फिरत होती. मोटारसायकलवरील दोघे जण रस्त्यावरून एका मुलाला उचलून नेतात, असे तीत दिसे. ती फीत मुळात कराचीतील एका संस्थेने, पालकांनी सावध राहावे या हेतूने, नटांकडून करवून घेतली होती. शेवटी मूल परत आणून सोडले जाते आणि उपदेशाचा फलक दाखविला जातो. तो शेवटच कोणी तरी कापून टाकला होता! लोकांनी जे पाहिले ते त्या फितीत होतेच. नव्हता तो फक्त शेवट. आणि शेवट नसलेला रहस्यपट हाच पूर्ण पुरावा आहे, असे समजून ठिकठिकाणी माणसे काठ्या घेऊन निघाली.

श्रोतेहो, जुन्या इटालियन रहस्यपटाचा चांगला प्रेक्षक असा निर्णय कधीही करीत नाही. पहिल्या अर्ध्या तासात ज्याच्यावर संशय आला, तो बहुधा निर्दोष असतो, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. म्हणून तो निकाल राखून ठेवतो. आपण काय पाहिले आणि काय केवळ गृहीत धरले, याचा हिशोब मनाशी करतो. साक्षीदार खोटा नसला तरी चुकू शकतो, हे ध्यानात ठेवतो. ही सवय चित्रपटगृहात लागली तर ती बाजारात, पारावर आणि हातातील भ्रमणध्वनीपुढेही उपयोगी पडण्यासारखी आहे.

यातील जे चित्रपट आज नव्याने दुरुस्त करून उपलब्ध झाले आहेत, ते प्रौढांनी घरी अवश्य पाहावेत. आरंभ 'स्फटिकाच्या पिसांचा पक्षी' या चित्रपटाने करणे बरे. कलादालनाचा देखावा संपला की चित्रपट थांबवावा, आणि काय पाहिले ते घरातील प्रत्येकाने स्वतंत्र कागदावर लिहून ठेवावे. मग शेवटपर्यंत पाहून ते कागद उघडावेत. एकाच काचेतून एकाच वेळी पाहिलेली गोष्ट किती जणांनी किती परींनी लिहिली आहे, हे पाहण्यात जी करमणूक आहे, ती खुनाच्या देखाव्याहून खासच अधिक आहे. आणि पुढे कधी गावात एखाद्या परक्या माणसाभोवती गर्दी जमू लागली, तर 'थांबा, आधी पोलिसांना येऊ द्या' असे म्हणणारा एक तरी मनुष्य त्या घरातून निघेल.